लक्ष्मीबाई टिळक यांचें चरित्र व त्यापासून बोध

आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत एक गोष्ट वारंवार आढळून येते. प्रार्थनासभा भरलेली असते, पाळक किंवा उपदेशक एखाद्या बहिणीला अथवा बंधूला प्रार्थना चालविण्याची विनंती करितात, आणि ती व्यक्ति मान खालीं घालते. आपणांस वाचतां येत नाहीं, आपली भाषा गांवढळ, आपणांस शास्त्रवचनें पाठ नाहींत, शिकलेल्या लोकांपुढें आपण काय बोलावें, असें तिला वाटतें. अशा व्यक्तीचा विश्वास कमी असतो असें मुळींच नाहीं. तीच बहीण घरीं चुलीपुढें बसून आपल्या लेकरांना प्रभूची गोष्ट इतकी गोड सांगते कीं, ऐकणारानें हातचें काम सोडून ऐकत बसावें. परंतु चारचौघांत तिचें तोंड उघडत नाहीं. पुष्कळदां आपण या भिडेला नम्रता असें नांव देतों, व तिची वाहवाहि करितों. ती खरोखर नम्रता आहे काय, याचा विचार करण्यास एक चरित्र फार उपयोगी पडण्यासारखें आहे. तें लक्ष्मीबाई टिळक यांचें होय.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचें नांव ठाऊक नाहीं असा मराठी ख्रिस्ती मनुष्य विरळा. त्यांचीं गीतें आपण उपासनेंत गातों. त्यांच्या पत्नीचें नांवहि आपण ऐकिलेलें असतें. पण बहुधा टिळकांच्या मागून चालणारी सहधर्मचारिणी एवढ्याच नात्यानें. आज आम्ही टिळकांविषयीं नव्हे, तर लक्ष्मीबाईंविषयीं लिहिणार आहों, आणि त्यांतहि, आपण कोण व आपली किंमत काय, या प्रश्नाचें उत्तर त्यांना आयुष्यांत कसकसें मिळत गेलें तें मुख्यत्वें सांगणार आहों.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ च्या सुमारास नाशिकजवळील जलालपूर या गांवीं गोखले नांवाच्या ब्राह्मण कुटुंबांत झाला. माहेरचें नांव मनकर्णिका. घरांत त्यांना मनू म्हणत. १८५७ सालच्या बंडाच्या धामधुमींत त्यांच्या आईच्या वडिलांना फांशी झाली. त्या आघातानंतर त्यांचे वडील नाना गोखले यांच्या मनानें सोंवळ्याओंवळ्याचा विलक्षण ध्यास घेतला. बाहेरून घरांत येणारी वस्तु धुतल्याखेरीज त्यांना चालत नसे. धान्य धुतलें जाई यांत मोठेंसें नवल नाहीं, परंतु त्या घरांत मीठ आणि साखर हींहि धुतलीं जात.

भाईंदरच्या खाडीकांठचे आमचे वाचक मिठागरें पाहत आलेले आहेत. खाडीचें पाणी वाफ्यांत घेतात, ऊन त्याला आटवितें, आणि खालीं राहतें तें मीठ. तें गोळा करणाऱ्या हातांची जात मिठाला चिकटत नाहीं, हें तेथील लहान पोरालाहि कळतें; आणि मीठ पाण्यानें धुवायला जावें तर मीठच हातचें जातें, हेंहि कळतें. नानांच्या घरीं हें कळत नव्हतें असें नाहीं; पण भीति एकदां मनांत शिरली म्हणजे कळणें आणि वळणें यांची फारकत होते. अशा घरांत वाढणाऱ्या मुलीच्या मनावर एक गोष्ट न शिकवितां ठसते. ती ही कीं, आपलें मोल आपल्यांत नाहीं; दुसऱ्याचा स्पर्श आपणांस झालेला नाहीं, यांत तें आहे. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या आजा-पणजांची सावलीहि ज्या उंबरठ्यावर चालली नसती, त्या उंबरठ्याच्या आंत ही मुलगी लहानाची मोठी झाली.

१८८० च्या सुमारास, म्हणजे अवघ्या अकरा-बारा वर्षांच्या वयांत, मनूचें लग्न नारायण वामन टिळक यांच्याशीं लागलें. मनूची लक्ष्मी झाली. टिळक हे १८६१ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांव येथें जन्मलेले, संस्कृताचे जाणकार, उपजत कवि व उत्तम वक्ते. स्वभाव मोठा उदार, पण तितकाच तापट व अस्थिर. आज या गांवीं शिक्षक, तर उद्यां त्या गांवीं संपादक. कधीं न सांगतां घर सोडून जावें, कधीं हातांत आलेला पैसा वाटेंत भेटलेल्या गरजवंताला देऊन टाकावा, कधीं बाजारास जाऊन भलतीच वस्तु घेऊन यावें. संसाराचा गाडा लक्ष्मीबाईंनीं ओढावयाचा, आणि तो कोणत्या रस्त्यानें जाणार हें मात्र त्यांना कोणी सांगावयाचें नाहीं, अशी स्थिति कित्येक वर्षें होती. त्यांतच अपत्यवियोगाचें दुःखहि त्यांना सोसावें लागलें.

लग्न झालें तेव्हां लक्ष्मीबाईंना अक्षरओळख नव्हती. त्या काळच्या मुलींना ती नसेच. टिळकांनीं स्वतः त्यांना वाचावयास शिकविलें. शिकविणारा उतावळा, आणि शिकणारीच्या मागें स्वयंपाक, पाणी व पाहुणेरावळे. तेव्हां या शाळेंत रडणें, रागावणें व हंसणें सर्व कांहीं झालें. तरी अक्षरें आलीं. मात्र अक्षरें आलीं म्हणजे आपणांस कांहीं येतें असा भरंवसा लगेच येतो असें नाहीं. ज्या घरांत पति श्लोकांमागून श्लोक रचीत आहे, विद्वान् मंडळी येऊन चर्चा करीत आहेत, त्या घरांत नुकतीच वाचावयास शिकलेली बाई स्वतःला काय समजत असेल, हें आपल्या मंडळ्यांतील बहिणींना सांगावयास नको. दिव्याशेजारीं ठेवलेल्या पणतीकडे कोण पाहतो? पणतीहि स्वतःला विसरते.

इ. स. १८९३ मध्यें टिळक आगगाडीनें राजनांदगांवास जात असतां त्यांना एका युरोपियन ख्रिस्ती गृहस्थाची गांठ पडली. त्यानें त्यांना नवा करार दिला. तो वाचतां वाचतां टिळकांचें मन प्रभूकडे ओढलें गेलें, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबई येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. ही बातमी लक्ष्मीबाईंना कळली तेव्हां त्यांच्यावर जणूं आकाश कोसळलें. आपण आज हें वाचून आनंद मानितों, पण त्या बाईच्या जागीं क्षणभर उभे राहून पाहावें. पति जिवंत आहे, पण घरादारानें त्याला मेल्यांत जमा केलें आहे. आपण सवाष्ण कीं विधवा, हें समाज सांगूं शकत नाहीं. पदरांत चार वर्षांचा दत्तू. माहेरच्या व नात्यागोत्याच्या घरीं आश्रय, आणि त्याबरोबर येणारी कींव. कांहीं काळ त्या पंढरपुरासहि राहिल्या. देह खंगला, रात्री रडण्यांत गेल्या. ज्या सोंवळ्यावर आपलें मोल उभें आहे असें लहानपणापासून ठसलें होतें, तें सोंवळेंच पतीच्या एका कृतीनें पायांखालून निघून गेलें.

परंतु देवाची रीत पाहा. याच वियोगाच्या काळांत लक्ष्मीबाईंच्या दुःखाला पद्याची वाट सांपडली. पति कवि होता म्हणून नव्हे, कोणी रचावयास सांगितलें म्हणून नव्हे, तर मनांत मावेना म्हणून शब्द बाहेर आले. त्यांना वृत्तांचे नियम शिकविलेले नव्हते. जात्यावर बसलेली आपली आजी जशी सासरमाहेरचें दुःख ओवींत ओवते, तशीच ही गोष्ट होती. जिला आपण अडाणी समजत होतों, तिच्या आंत एक स्वतंत्र झरा आहे, हें प्रथम अशा वेळीं दिसून आलें कीं, तेव्हां त्या झऱ्याचें कौतुक करावयास जवळ कोणी नव्हतें.

पुढें टिळकांच्या पत्रांनीं व स्वतःच्या मनाच्या ओढीनें लक्ष्मीबाई मुलाला घेऊन पतीकडे अहमदनगरच्या बाजूस आल्या. पण त्या ख्रिस्ती होऊन आल्या नाहींत. आपला धर्म, आपलें पाणी, आपली चूल त्यांनीं वेगळी राखिली. येथें टिळकांची एक गोष्ट वाखाणण्याजोगी आहे. एरव्ही क्षणांत संतापणाऱ्या या पुरुषानें पत्नीच्या विश्वासाच्या बाबतींत तिच्यावर जुलूम केला नाहीं. तिनें आपल्या पायांनीं यावें, अशी त्यांनीं वाट पाहिली. आपल्या उपदेशकांनीं हें नीट ध्यानांत धरावें. घाईनें ओढून आणलेलें मनुष्य मंडळींत येतें, पण त्याचें मन दाराबाहेरच उभें राहतें.

लक्ष्मीबाईंच्या मनांतील बदल एका दिवसांत झाला नाहीं. ख्रिस्ती शेजाऱ्यांचें वागणें त्या पाहत होत्या, नवा करार वाचीत होत्या, आणि जातिभेद देवानें केला कीं मनुष्यानें, हा प्रश्न त्यांना सोडीत नव्हता. तो मनुष्यानें केला असें एकदां पटल्यावर त्यांनीं अर्धेंमुर्धें कांहीं ठेविलें नाहीं. ज्या हातचें पाणी पूर्वीं चाललें नसतें, त्या हातचें त्यांनीं घेतलें. इ. स. १९०० मध्यें, पतीच्या बाप्तिस्म्यानंतर सुमारें पांच वर्षांनीं, त्यांनीं स्वतः बाप्तिस्मा घेतला. तो टिळकांची पत्नी म्हणून घेतलेला बाप्तिस्मा नव्हता. स्वतःच्या विचारानें, स्वतःच्या पायांनीं चालून आलेल्या एका बाईचा तो होता. आमच्या समजुतीप्रमाणें त्यांच्या आयुष्यांतील खऱ्या धैर्याची ही पहिली मोठी पायरी होय.

ते दिवस नगर जिल्ह्यांत दुष्काळाचे होते. छप्पनचा दुष्काळ म्हणून ज्याची आठवण आपल्या गांवांतील वृद्ध लोक पिढ्यान्पिढ्या सांगत आले, तोच हा १८९९-१९०० चा दुष्काळ. त्यांत प्लेगाचीहि सांथ. आईबाप नाहींत, अन्न नाहीं, अशीं मुलें रस्त्यारस्त्यावर दिसत. टिळकांच्या घरीं अशीं पोरकीं मुलें आलीं, राहिलीं, वाढलीं. टिळकांनीं दार उघडावें आणि लक्ष्मीबाईंनीं भाकरी थापाव्या, असा तो संसार होता. ज्या घरीं मीठ धुतलें जाई, त्या घरची लेक आतां कोणाचें मूल कोणत्या जातीचें हें न विचारतां त्याला पोटाशीं धरीत होती. विटाळाची भीति गेली तेव्हां त्यांच्या हातून मोठें काम होऊं लागलें. जोंवर मनुष्य स्वतःला जपण्यांत गुंतलेला असतो, तोंवर त्याचे हात दुसऱ्यासाठीं मोकळे होत नाहींत.

नगर येथें टिळक ईश्वरविज्ञानशाळेंत शिकवीत, व पुढें १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी भागाचें संपादन करीत. त्यांच्या घरीं कवि व लेखक यांचा राबता असे. बालकवि म्हणून प्रसिद्ध झालेले त्र्यंबक बापूजी ठोंबरे हे त्यांच्या घरीं राहिले होते, व लक्ष्मीबाईंनीं त्यांच्यावर आईची माया केली. या दिवसांत लक्ष्मीबाई स्वतःहि कविता करीत. त्यांच्या एका कवितेचें नांव ‘करंज्यांतला मोदक’ असें आहे. नांवावरूनच वाचकांना कळेल कीं, ही कविता पंडितांच्या पोथींतून आलेली नाहीं. ती स्वयंपाकघरांतून आलेली आहे. त्यांच्या कवितांचा संग्रह ‘भरली घागर’ या नांवानें निघाला. हेंहि नांव पाणवठ्यावरचें, बायकांच्या रोजच्या कामांतलें.

येथें टिळकांच्याहि एका कार्याचा उल्लेख केला पाहिजे. त्या काळीं आपल्या मंडळ्यांतील पुष्कळशीं गीतें इंग्रजी गीतांचीं भाषांतरें असत, आणि चालीहि परक्या असत. ख्रिस्ती झालें म्हणजे साहेबासारखें गाइलें पाहिजे, असा कित्येकांचा समज होता. टिळकांनीं ज्ञानेश्वर-तुकारामांच्या अभंगाला व ओवीला आपलेंसें करून प्रभूचें नांव गाइलें, भजन व कीर्तन मंडळींत आणिलें. प्रभूकडे येतांना मनुष्यानें पाप टाकावें. आपली आईची भाषा टाकावयाचें कारण नाहीं, हें त्यांनीं मंडळीला दाखवून दिलें. जें त्यांनीं संपूर्ण मंडळीकरितां केलें, तेंच लक्ष्मीबाईंना पुढें स्वतःच्या बाबतींत करावयाचें होतें.

९ मे १९१९ रोजीं टिळक मुंबईंत प्रभूकडे गेले. त्या वेळीं लक्ष्मीबाई पन्नाशीच्या घरांत होत्या. मोठ्या झाडाच्या सावलींत वाढलेल्या रोपाचें, झाड पडल्यावर काय होतें, तें आपणांस ठाऊक आहे. पुष्कळ रोपें उन्हानें करपून जातात. लक्ष्मीबाईंविषयींहि लोकांस असेंच वाटलें असल्यास नवल नाहीं. टिळकांची विधवा म्हणून आदरानें एका बाजूस बसून राहणें, हें त्यांना सहज शक्य होतें, व त्यांना कोणी दोष दिला नसता. पण त्यांच्या आयुष्यांतील अत्यंत मोठीं अशीं दोन कामें यानंतरच झालीं.

पहिलें काम ‘ख्रिस्तायन’. प्रभु येशूचें चरित्र ओवीबद्ध महाकाव्यांत सांगण्याचा संकल्प टिळकांनीं १९०९ सालीं केला होता. परंतु आरंभींचे थोडेच अध्याय त्यांच्या हातून लिहून झाले. ग्रंथ अपुरा पडला होता. तो कोणी पुरा करावा? कवि पुष्कळ होते, पदवीधर होते, संस्कृत जाणणारे होते. काम हातीं घेतलें तें लक्ष्मीबाईंनीं, आणि थोडेथोडके नव्हे, साठांहून अधिक अध्याय त्यांनीं रचिले. त्यांच्या पश्चात् १९३८ सालीं तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. टिळकांसारखी आपली वाणी नाहीं, हें त्या जाणत होत्या. पण ओवी ही कांहीं एकट्या पंडितांची नाहीं. ती पहाटेच्या जात्याची आहे, पाळण्याची आहे. टिळकांनीं जें अपुरें ठेविलें तें टिळकांचा आवाज काढून पुरें होण्यासारखें नव्हतें. लक्ष्मीबाईंनीं तें आपल्या आवाजानें पुरें केलें.

दुसरें काम ‘स्मृतिचित्रें’. त्यांचे पुत्र देवदत्त यांस वडिलांचें चरित्र लिहावयाचें होतें, व त्यासाठीं त्यांनीं आईला आठवणी लिहून देण्यास सांगितलें. म्हणजे लक्ष्मीबाईंनीं लिहावयास घेतलें तें स्वतःविषयीं नव्हे. दुसऱ्याच्या चरित्राला सामग्री पुरवावी एवढ्याच हेतूनें. या आठवणी ‘संजीवनी’ पत्रांतून येऊं लागल्या, आणि १९३४ पासून पुस्तकरूपानें भागाभागानें निघाल्या. सामग्री म्हणून लिहिलेलें हें लिखाण मराठीतील अत्युत्तम आत्मचरित्रांत गणलें गेलें. १९५० सालीं जोसेफीन इंक्स्टर यांनीं, व २०१७ सालीं शांता गोखले यांनीं त्याचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें. म्हणजे ते शब्द परदेशांतील वाचकांपर्यंतहि पोंचले.

या पुस्तकाचें सामर्थ्य कशांत आहे, हें आमच्या वाचकांनीं नीट पाहावें. त्यांत मोठे शब्द नाहींत. एखादी वृद्ध बाई ओसरीवर बसून सुनानातवंडांना बोलतां बोलतां सांगते आहे, असें तें लिहिलें आहे. वडिलांचें सोंवळें, नवऱ्याचा संताप, घरांतील टंचाई, स्वतःची फजिती, कांहींहि झांकून ठेविलेलें नाहीं. टिळकांवर त्यांचें अपार प्रेम होतें, तरी त्यांचे दोष त्यांनीं लपविले नाहींत. आणि स्वतःला तर त्या सर्वांपेक्षां जास्त हंसतात. जो स्वतःला हंसूं शकतो त्याला दुसऱ्याच्या हंसण्याचें भय उरत नाहीं. शुद्ध पुस्तकी भाषेचा आव आणून त्या लिहितील तर तें पुस्तक त्या काळच्या शेंकडों पुस्तकांसारखें एक होतें, व आज कोणाच्या स्मरणांत राहतें ना. ज्या साध्या बोलीची लाज वाटावी असें जग सांगत होतें, तीच बोली त्यांचें धन ठरली.

आयुष्याच्या उत्तरार्धांत त्यांचा कांहीं काळ पुत्राकडे कराचीस गेला. मराठी ख्रिस्ती साहित्यसंमेलनाचें अध्यक्षपदहि त्यांना मिळालें. घरींच नवऱ्याकडून मुळाक्षरें शिकलेली ती बाई लेखकांच्या सभेंत उच्चासनावर बसली. शेवटचा भाग लिहून पुरा होण्यापूर्वींच, २४ फेब्रुवारी १९३६ रोजीं, नाशिक येथें त्यांचें देहावसान झालें. राहिलेली कथा पुत्रानें पुरी केली. जलालपूर नाशिकपासून दूर नाहीं. पण त्या दोन गांवांमध्यें या बाईनें केवढा प्रवास केला!

आतां या चरित्रापासून आपण काय घ्यावें? आमच्या मतें तीन गोष्टी आहेत.

पहिली ही कीं, जातीचा अभिमान आणि स्वतःला कमी लेखणें हीं वरून एकमेकांच्या उलट दिसतात, पण त्यांचें मूळ एकच आहे. दोहोंतहि मनुष्य आपली किंमत लोकांच्या डोळ्यांत शोधतो. नानांच्या घरीं विटाळाचें भय होतें. आपल्या मंडळ्यांत हंसें होण्याचें भय आहे. एक म्हणतो, मला कोणी शिवूं नये. दुसरा म्हणतो, माझ्याकडे कोणी पाहूं नये. प्रभूपुढें आल्यावर दोघांनाहि एकच उत्तर मिळतें: तुझें मोल वधस्तंभावर ठरून चुकलें आहे, आणि तें लोकांनीं ठरविलेलें नाहीं. आमच्या बंधुभगिनींपैकीं ज्यांच्या वाडवडिलांना गांवानें वेशीबाहेर ठेविलें, त्यांनीं तर हें उत्तर हृदयाशीं घट्ट धरावें. गांवानें लाविलेलें नांव गांवाजवळच राहूं द्यावें. तें उराशीं बाळगून प्रभूच्या मंदिरांत येऊं नये.

दुसरी ही कीं, भिडेला नम्रता समजूं नये. धन्यानें दिलेला पैसा जमिनींत पुरून ठेवणारा तो दास आपणांस आठवतो. तो उधळ्या नव्हता, चोर नव्हता; तो भ्याला होता. दुसऱ्यांना आपल्याहून जास्त मिळालें आहे, आपल्या एवढ्याशा पैशाचें काय होणार, असेंहि कदाचित् त्याला वाटलें असेल. धन्यानें त्याला नम्र म्हणून वाखाणलें नाहीं. लक्ष्मीबाईंनीं टिळकांपुढें आपला पैसा अगदींच लहान म्हणून पुरला असता, तर ‘ख्रिस्तायन’ अपुरें राहतें व ‘स्मृतिचित्रें’ जन्मासच न येतीं. खरी नम्रता देणाऱ्याकडे पाहते आणि दिलेलें कामाला लावते.

तिसरी ही कीं, जें आपलें नाहीं तें अंगावर चढवूं नये. दाविदाला शौलाचें चिलखत घालून पाहण्यांत आलें. त्याला त्यांत चालतांहि येईना. त्यानें तें उतरविलें, आणि मेंढरांमागें फिरतांना हाताला संवय झालेली गोफण घेतली. कित्येक तरुण उपदेशक मोठ्या शहरांतील वक्त्यांची ढब उचलून खेड्यांत उपदेश करूं पाहतात, आणि लोक जांभया देतात. आपल्या शेताबांधाची, होडीजाळ्याची, जात्या-मुसळाची भाषा ही आपली गोफण आहे. उत्तनच्या किनाऱ्यावरील कोळी बंधूनें वादळाच्या रात्रीची गोष्ट सांगावी, भाईंदरच्या मिठागरावर राबलेल्या बहिणीनें मिठाचा दाखला द्यावा. तो दाखला पुस्तकांतून वाचून देणाऱ्या आमच्यासारख्यांपेक्षां त्यांच्या तोंडीं शतपट शोभेल.

मात्र कोणी यावरून असें समजूं नये कीं, शिकण्याची गरज नाहीं. लक्ष्मीबाई अडाणी राहिल्या म्हणून मोठ्या झाल्या नाहींत. संसाराच्या रगाड्यांत, ओरडा खात, त्या अक्षरें शिकल्या. नवा करार वाचून, प्रश्न विचारून, त्यांनीं आपला मार्ग ठरविला. आपण जसे आहों तसेच बरे, असें म्हणून स्वस्थ बसणें ही आळसाची वाट आहे. देवानें आपणांस जें करून ठेविलें आहे तें ओळखावें, आणि मग त्याची मशागत करावी, ही लक्ष्मीबाईंची वाट होय. म्हणून ज्या मंडळींत प्रौढ बहिणींना वाचावयास शिकविण्याची सोय नाहीं, तेथील उपदेशकांनीं व त्यांच्या पत्नींनीं ती करावी. आठवड्यांतून दोन रात्री, एक पाटी व एक कंदील किंवा दिवा, एवढ्यावर आरंभ होतो. शिकवितांना मात्र टिळकांचा उतावळेपणा घेऊं नये, त्यांचें औदार्य घ्यावें.

आणि पाळकांनीं व वडीलजनांनीं आणखी एक करावें. पुढील प्रार्थनासभेंत ज्या बहिणीनें आजवर तोंड उघडलेलें नाहीं तिला प्रार्थना नव्हे, तर तिच्या घरांत प्रभूनें केलेली एखादी गोष्ट सांगावयास बोलवावें. ती अडखळेल. तिची बोली ऐकून कोणी तरुण हंसेल, तर त्याला तेथेंच प्रेमानें आवरावें. ती गप्प बसली तर तिला घाई करूं नये. टिळकांनीं जशी वाट पाहिली तशी वाट पाहावी. ती बोलूं लागली म्हणजे मंडळीनें कान देऊन ऐकावें. कारण प्रभूचें चरित्र आपल्या वाडीच्या बोलींत कोणीतरी सांगावयाचें अजून राहिलेलें आहे, आणि तें काम प्रभूनें कोणाच्या पदरीं घातलें आहे, हें तिनें तोंड उघडल्याखेरीज आपणांस कळणार नाहीं.